उन्हात वाळवलेले सेल

मास्टर विलास यांच्या सत्काराला मी जायला नको होतं. दादा आधीच म्हणाला होता, "यशू, तू नोको येऊ. तुह्यं डोकं तापते, मंग मले निस्तरा लागते." पण मी गेले. चांगली साडी नेसून तिसऱ्या रांगेत बसले. मास्टर विलास म्हणजे गोंदियाचे गायक. बालाघाटपासून उकव्याच्या खाणीपर्यंत या भागात असा एक समारंभ झाला नसेल जिथे ते गायले नाहीत. शाल घेऊन झाली, श्रीफळ घेऊन झालं, मग ते जुन्या आठवणी सांगायला लागले. सांगता सांगता हसले आणि म्हणाले, "आपके यहाँ एक बिना गाने वाला बैंड भी था, थ्री फेज. क्या तेज बजाते थे भाई! बाद में पता चला, वो नहीं, उनकी टेप तेज थी. सेल का कमाल था!" सगळा हॉल हसला. मी उभी राहून ओरडले, "झूठ! सफेद झूठ!" दादाने माझा पदर ओढून मला खाली बसवलं. थ्री फेजमध्ये गिटार वाजवणारा हाच तो दादा. आणि तोही हसत होता. मास्टर विलासांचं बोलणं मी एक वेळ विसरेन, दादाचं ते हसणं विसरणार नाही.

म्हणून हे प्रकरण आधी लिहिते आहे, दुकान कसं वाढवलं ते नंतर. सेल कमजोर होते हे खरं आहे. बाकी सगळं खोटं आहे.

बालाघाटला आमच्या घरात पुढे मोटार वाइंडिंगचं दुकान आणि मागे दोन खोल्या होत्या. शेतातल्या पंपाची मोटार जळली की तिच्यातली जुनी तांब्याची तार काढून नवी भरून द्यायची, हा बाबांचा धंदा. भाताला पाणी द्यायचे दिवस आले की दुकानासमोर मोटारींची रांग लागे. कुणी रामपायलीहून बैलबंडीत घालून आणलेली, कुणी लामत्याहून छोट्या रेल्वेच्या डब्यात पायाशी ठेवून आणलेली. शेतकरी असे काळजीने बसत की जणू दवाखान्यात माणूस आणला आहे. बाबा छिन्नीने जळकी तार कापत आणि मी नवी कॉइल भरत असे. माझी बोटं बारीक होती, म्हणून दहाव्या वर्षापासून ते काम माझ्याकडे आलं. भरलेली मोटार वार्निशमध्ये बुडवून उन्हात वाळवायची. पावसाळ्यात ऊन नसे, तेव्हा माय त्या मोटारी चुलीजवळ ठेवू द्यायची. त्यामुळे आमच्याकडे सुवासिक चिन्नोराचा भात शिजला तरी घरभर वास वार्निशचाच. लाखोळीच्या वरणाला वार्निश, जवसाच्या चटणीला वार्निश. पाहुणे दोन घास खाऊन थांबत. माय त्यांना म्हणायची, "खा जी, खा. तुमच्या पोटातली मोटार कधी जळनार नाही." मायचा आवाज जाड होता, पुरुषासारखा. ती मागच्या खोलीत बोलली तर पुढच्या गिऱ्हाइकाला वाटे की दुकानात आणखी एक मिस्त्री आहे.

बाबा हाताचे कसबी आणि तोंडाचे गरीब. भाव सांगताना ते जमिनीकडे पाहत. गिऱ्हाइकाने निम्मा भाव सांगितला की त्यांना त्याचीच दया येई. पंधराव्या वर्षी मी ते काम त्यांच्याकडून काढून घेतलं. मी गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत पाहून भाव सांगायचे, त्याने कमी सांगितला की त्याची मोटार उचलून बाहेर पायरीवर ठेवायचे. मोटार जड, मला पेलायची नाही, पण रागात पेलली जायची. गिऱ्हाईक पायरीवरून परत आत येई. बाबा म्हणत, "तुह्या आंगात कोन शिरते वो?" भिंतीवर बुद्धाची शांत तसबीर होती, तिच्याखाली मी तावातावाने भांडत असे आणि तसबिरीच्या बाजूला खिळ्याला बाबांचा वीज तपासायचा काट्याचा मीटर लटकत असे. त्या मीटरचा आमच्या घरात फार मान. "मानसाचं आयकू नोको, काट्याचं आयक," हे बाबांचं वाक्य. गिऱ्हाईक म्हणालं मोटार चांगली आहे, तरी काटा म्हणाला जळली तर जळली. यंत्र खोटं बोलत नाही, यावर आमची सगळ्यांची श्रद्धा. पुढे जे झालं ते या श्रद्धेपायी झालं, हे मला आज दिसतं.

दादाला म्हणजे सिद्धार्थला एक गिटार मिळाली होती. खाणीतल्या एका साहेबाची बदली झाली, सामान बांधताना त्याने ती पंखा दुरुस्त करायला गेलेल्या दादाला दिली. साधी लाकडी. रेडिओवर परदेशी स्टेशन लावून दादा तसले बाजे ऐकायचा. रेडिओतून खरखर जास्त आणि संगीत कमी येई, पण त्याला जे हवं होतं ते त्या खरखरीतून येई. त्याला गिटार विजेची करायची होती. मी म्हटलं, त्यात काय, तीही एक कॉइलच. एका फुटक्या भोंग्यातलं लोहचुंबक काढलं, जळक्या रेडिओच्या ट्रान्सफॉर्मरमधून केसासारखी तार सोडवली आणि गुंडाळायला बसले. पाच हजार फेरे मोजले. मग मायने जेवायला हाक मारली आणि परत आले तर आकडा डोक्यातून गेलेला. उरलेले अंदाजाने गुंडाळले. त्या गिटारीचा आवाज दुसऱ्या कुठल्याच गिटारीसारखा नव्हता, थोडा नाकातला, थोडा रागावलेला. दादा म्हणायचा, "यशूनंच भरली ना, मंग भांडनारच."

बाकीचे दोघे असे. दिगंबर रामपायलीचा, शेतकऱ्याच्या घरचा, राममंदिरातल्या भजनात वाढलेला. त्याने सागाच्या फळीवर चार जाड तारा ताणून स्वतःचा बेस बनवला होता आणि वाजवताना उजवा पाय असा आपटायचा की धूळ उडे. त्याचा कान फार तयार. मायने पातेलं खाली ठेवलं तरी सांगायचा की हा कुठला सूर. लल्लन उकव्याचा, बाप खाणीत ड्रिल चालवायचा. तो ड्रम वाजवायचा. त्याला मराठी सगळी समजे, बोलायचा मात्र हिंदीच. तिघे म्हणून नाव थ्री फेज. ते मी ठेवलं, आणि गावात त्याचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागला नाही.

गाणारा नव्हता. दादाला विचारलं तर म्हणायचा, "रेडिओतले बोल आपल्याले समजत नाही. मंग कायले तोंड उघडाचं?" त्यामुळे त्यांनी स्वतःच्या चाली बांधल्या आणि त्यांना आपल्याच जागांची नावं दिली. 'उकवा घाट', 'लामता पॅसेंजर'. लामता पॅसेंजर छोट्या गाडीसारखीच सुरू व्हायची, धापा टाकत, आणि मग पळायची. पण लोकांना गाणाऱ्याशिवाय बाजा म्हणजे नवरदेवाशिवाय वरात. प्रत्येक कार्यक्रमात पहिल्या दोन मिनिटांत कुणीतरी ओरडायचं, "गाने वाला कहाँ है?" मग आयोजक मधेच थांबवायचे आणि कुणाच्या तरी भाच्याला माइकवर आणायचे. किंवा पाहुणे हात धुऊन येईपर्यंत यांना वाजवायला लावायचे. दादा घरी येऊन गिटार भिंतीकडे तोंड करून ठेवायचा. रागवायचा नाही. तेवढा राग मी करायचे.

याच रागात मी टेपरेकॉर्डर घेतला. गुजरी बाजारातल्या एका माणसाची पंख्याची मोटार मी भरून दिली आणि बदल्यात त्याच्या टपरीतला जुना टेपरेकॉर्डर मागितला. तो नाही म्हणाला, मी पंखा उचलला, तो हो म्हणाला. त्याला चार मोठे सेल लागत. सेल महाग, आणि मी संपलेली वस्तू संपली असं कधी मानलं नाही. थकलेले सेल मी दुकानाच्या पत्र्यावर उन्हात ठेवायचे. तापले की ते पुन्हा थोडे चालत. पापडांच्या बाजूला सेल, अशी आमच्या पत्र्यावरची वाळवण. कार्यक्रमाला वीज मिळेल याचा भरवसा नसे, म्हणून मी हे वाळवलेले सेल घालून टेप भरायचे आणि घरी येऊन विजेवर ऐकवायचे.

त्या टेपा आजही माझ्याजवळ आहेत. दादाची नात त्या इअरफोन लावून ऐकते आणि विचारते, "आजी, यात एवढी गडबड काहून आहे?" त्या गडबडीसाठीच तर मी त्या ऐकते. लामत्याच्या शाळेतल्या टेपेत जनरेटर धडधडतो आहे, कुणीतरी बाकडं ओढतो आहे, एक बकरी आहे. मधेच जनरेटर बंद पडतो आणि वीज जाते. गिटार मेली, बेस मेला. एकटा लल्लन उरतो. तो थांबत नाही. जनरेटरची दोरी ओढली जाते, फुसकते, पुन्हा ओढली जाते, आणि लल्लन वाजवतोच आहे, जणू दोरी तोच ओढतो आहे. मग जनरेटर पकडतो आणि दादा व दिगंबर बरोबर त्या ठिकाणी शिरतात जिथे ते वीज गेली नसती तर असते. तिघांच्या डोक्यात चाल चालूच होती. पुढे त्यांनी एकदा नागपूरला जाऊन बंद खोलीत दोन चाली भरल्या. स्वच्छ, गुळगुळीत, बकरी नाही, बाकडं नाही. मी ती कॅसेट एकदा ऐकली. त्यात तिघे नीट वाजवतात, पण कुणाशीच नाही. थ्री फेजला समोर कुणीतरी लागायचं, निदान "गाने वाला कहाँ है" म्हणणारा तरी.

तर लामत्याची टेप घरी लावली तेव्हा तिघेही पाहत राहिले. एवढा वेग! दादा म्हणाला, "आपन असं वाजोलं?" लल्लन म्हणाला, "मेरे हाथ इतने तेज हैं? मुझको किसी ने बताया नहीं!" वाजवणाऱ्याला स्टेजवर आपलं आपल्याला कळत नाही, असं आम्ही ठरवलं. फक्त दिगंबरच्या कपाळाला आठी पडली. "माह्या तारा चढलेल्या आयकू येऊन राह्यल्या," तो म्हणाला. "मी तं खालीच लावतो." मग त्यानेच उत्तर काढलं की घरी ओल असते म्हणून तारा उतरत असतील. बाबा मोटारीतून मान वर न काढता म्हणाले, "मशीन कायले खोटं बोलन?" झालं. दिगंबरने टेपेवरून तारा चढवल्या, दादाने त्याच्यावरून चढवल्या आणि तिघे टेप लावून तिच्याबरोबर धावायला लागले. महिन्याभरात त्यांनी तिला गाठलं. पुढच्या कार्यक्रमाला मी पुन्हा वाळवलेले सेल घालून टेप भरली. घरी लावली तर ते आणखी पुढे पळालेले! पुन्हा तारा चढल्या, पुन्हा रियाज. अशा तीन टेपा झाल्या. गिटारीच्या तारा तुटायला लागल्या. लल्लनने मनगटाला फडकी बांधली. दादा भात खाताना ताटावर बोटं नाचवायचा. माय म्हणायची, "या पोट्ट्यायच्या मांगं वाघ लागला का?" रियाज इतका चढला की रस्त्यावरून जाणारी माणसं सायकलवरून उतरून दुकानासमोर उभी राहत. मी त्यांना विचारायचे, मोटार आणली का? नाही म्हणाले तर हाकलून द्यायचे.

अशात तिवारीजी आले. ते उकव्याच्या खाणीतल्या वर्कशॉपचे मोठे मिस्त्री, विश्वकर्मा पूजेचा कार्यक्रम त्यांच्याकडे असायचा. त्या दिवशी वर्कशॉपमध्ये यंत्रं धुऊन हार घालतात, दुपारी सगळ्या कामगारांना जेवण, आणि जेवणाआधी गाणं-बजावणं. ते मोटार घ्यायला आले होते, मी त्यांना तिसरी टेप ऐकवली. त्यांनी ती तीनदा लावायला लावली.

"बिटिया, ये आदमी बजा रहे हैं या मशीन?"

"आदमी. एक तो मेरा भाई है, भीतर बैठके खाना खा रहा है."

"ठीक है. इनको बुलाते हैं. पर गाएगा कौन?"

"कोई नहीं गाएगा."

"अरे, ऐसे कैसे? मैंने गोंदिया से मास्टर विलास को बोला है, वो इनके साथ..."

मी त्यांची मोटार पायरीवर ठेवली. ते हसायला लागले. शेवटी सौदा असा ठरला: अर्धा तास फक्त थ्री फेज, पुढे माइकही नाही, गाणाराही नाही. पण लोक उठायला लागले तर त्याच क्षणी माइक मास्टर विलासांना. "और बिटिया, बजेगा वैसा ही जैसा इसमें है," तिवारीजी म्हणाले आणि टेप खिशात घालून घेऊन गेले. मी म्हटलं, "वैसा ही. मेरी जबान." एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी थ्री फेजला पूर्ण अर्धा तास दिला होता. दादाला सांगितलं तर तो उष्ट्या हाताने उठला आणि मायला उचलून गोल फिरवलं. माय ओरडली, "अबे, खाली ठेव, मोटार हाये का मी!"

पूजेला बारा दिवस उरले असताना मी टेपरेकॉर्डर तपासायला बसले. पत्र्यावरचे सेल घातले आणि बटण दाबलं. तेवढ्यात माय मागून आली आणि मला झापायला लागली, की भात करपला, तुझं लक्ष कुठं आहे, सासरी गेलीस तर तिथलेही उपाशी मरतील. सगळं टेपेत भरलं गेलं. मला गंमत वाटली. मी सेल काढले, विजेची वायर लावली आणि मायला म्हटलं, आयक, तुझा आवाज. टेप सुरू झाली आणि त्यातून एक सात-आठ वर्षांची चिमणी पोरगी भराभरा भांडायला लागली. "भात करपला! भात करपला! तुह्यं लक्ष कुठं हाये!" दादा हसून जमिनीवर लोळला. बाबा हसले. माय स्वतः डोळ्याला पदर लावून हसली, "अवो माय, हे कोन पोट्टी बोलून राह्यली!" मीही हसत होते. आणि हसता हसता मी बाजूला काढून ठेवलेल्या सेलांकडे पाहिलं.

मायचा आवाज आम्हाला माहीत होता. बाकी टेपांमध्ये ओळखीचा आवाज कधी जवळून आलाच नव्हता. सेल थकलेले असले की टेप हळू फिरते. हळू फिरणाऱ्या टेपेवर भरलेला आवाज घरी विजेवर लावला की तो वर चढतो आणि पळतो. एवढी साधी गोष्ट. वाइंडिंगवाल्याच्या घरात, जिथे व्होल्टेज उतरलं की मोटार हळू फिरते हे शेंबडं पोरही सांगेल, तिथे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात ती आली नव्हती. थ्री फेजने त्या वेगात कधी वाजवलंच नव्हतं. आणि मी तिवारीजींना शब्द देऊन बसले होते.

दोन दिवस मी कुणाला सांगितलं नाही. त्या दोन दिवसांत चार गिऱ्हाइकांशी भांडले. तिसऱ्या दिवशी रियाजाला तिघे जमले तेव्हा सांगून टाकलं. दादाने गिटार भिंतीकडे तोंड करून ठेवली. मग म्हणाला, "म्हंजे आपन चोर झालो."

"चोर मी हावो. तुमी कायले?"

"जाय मंग, सांग त्याले. सौदा मोड."

"माह्या तोंडानं मी सौदा मोडनार नाही."

"तुह्या तोंडापायीच तं झालं हे सारं!"

आम्ही भावंडं अशी भांडलो की माय लाटणं घेऊन आली. इकडे लल्लनला हसू आवरेना. "मतलब हम तीन महीने से जिसके पीछे भाग रहे थे, वो कोई था ही नहीं?" दिगंबर मात्र गंभीर होता. तो म्हणाला, "कोनी नव्हता, पन आपन तं पळालो ना? माह्या तारा चढल्या हायेत, त्या खऱ्याच चढल्या. आता उतरवल्या तं मलेच बेसूर लागन." मग बाबा उठले. त्यांनी मीटर काढला आणि टेपरेकॉर्डरमधले सेल एकेक करून तपासले. काटा अर्ध्यावर. "नवे आन," ते मला म्हणाले. मी बाजारात गेले आणि चार नवे सेल घेतले, भाव न करता. आयुष्यात तसं फार कमी वेळा केलं आहे. परत येऊन बटण दाबलं, आधी मायला दोन शब्द बोलायला लावले, मग तिघांनी लामता पॅसेंजर वाजवली. ऐकलं. माय मायसारखीच बोलली, जाड. आणि तिच्यामागून लामता पॅसेंजर आली ती पहिल्या टेपेला कधीच मागे टाकून. दुसरीलाही. तिसरी तिवारीजींच्या खिशात होती, तिच्याशी ताडून पाहता येईना. पण फार लांब नव्हते. बाबांनी विचारलं, "आता काटा बराबर हाये?" मी म्हटलं हौ. "मंग झालं," म्हणाले आणि मोटारीत डोकं घातलं.

पूजेच्या दिवशी बाबाही आमच्यासोबत उकव्याच्या बसने आले. ते पूजेला बसत नसत, पण बुंदीशी त्यांचं काही वैर नव्हतं. वर्कशॉपच्या अंगणात ट्रकची फळी खाली पाडून स्टेज केलं होतं. ड्रिलला झेंडूचा हार, हातोड्याला झेंडूचा हार, वेल्डिंगच्या चष्म्यालासुद्धा एक फूल. एका बाजूला हलवायाची कढई, दुसऱ्या बाजूला खुर्चीवर मास्टर विलास, चमकीच्या जाकिटात. वाजवण्याआधी चहा घेताना लल्लनने त्यांना सेलांचा सगळा किस्सा हसत हसत सांगितला. असा तो लल्लन! गंमत सापडली की पोटात ठेवू शकत नाही. मास्टर विलास हसले आणि त्यांनी जाकिटाचं एक बटण लावलं.

तिवारीजी पहिल्या रांगेत बसले, टेप वरच्या खिशात. सुरुवातीलाच मागून आरोळी आली, "गाने वाला कहाँ है?" दादाने वर पाहिलं नाही. उकवा घाट झाली. लोक बसून होते, पण जेवणाच्या आधी बसतात तसे. दुसरी चाल झाली, तिसरी झाली. वीस-बावीस मिनिटं गेली. लामता पॅसेंजर धापा टाकत सुरू झाली आणि तेवढ्यात हलवायाने पहिली पुरी कढईत सोडली.

तो वास तुम्हाला सांगायला नको. सकाळपासून उपाशी माणसं, दोनशे माना एकदम वळल्या. मागच्या दोन रांगा उभ्या राहिल्या. मास्टर विलासांनी दुसरं बटण लावलं आणि उठले. मी चालू टेपरेकॉर्डर तिथेच ठेवला आणि कढईकडे धावले.

"भैया, आठ मिनट रुक जाओ. पुरी मत डालो."

"काहे? तेल गरम है."

"तो ठंडा करो!"

"बाई, तेल मेरा नहीं, सरकार का भी नहीं, तिवारीजी का है. उनसे बोलो."

"मैं तुमको बोल रही हूँ. आठ मिनट. तुम्हारे घर की मोटर हो, पंखा हो, फुकट में भर दूँगी."

"मेरे घर में बिजली ही नहीं है."

"तो सात मिनट!"

त्याने झाऱ्या उगारला, मी कणकेच्या गोळ्यांची परात उचलली. आणि त्याच वेळी स्टेजवर तार तुटली. दादाची सगळ्यात बारीक तार, ज्या तारेवर पॅसेंजर पळते ती. तो आवाज मला लांबूनही ओळखू आला, पिस्तुलासारखा. मी वळले. दादा थांबला होता. क्षणभर वाटलं, संपलं. पण दिगंबरचा पाय आपटला आणि दादाची चाल दिगंबरने आपल्या जाड तारांवर उचलली. ज्या तारा धापा टाकायला होत्या त्यांच्यावर तो पळायला लागला, आणि लल्लन त्याच्या मागे, मागे काय, पुढे. मग दादा उरलेल्या तारांवर आत आला, खालच्या सुरांतून, आणि तिघे मिळून असे सुटले की मला वाटलं ट्रक पुढे सरकेल. उभ्या राहिलेल्या दोन रांगा उभ्याच होत्या, पण त्यांची तोंडं कढईकडे नव्हती.

चाल संपली तेव्हा कढईतून धूर येत होता. हलवायाच्या हातात झाऱ्या तसाच, आणि तेलात आठ पुऱ्या कोळसा झालेल्या. "बाई, पूरी जल गई," तो मला म्हणाला, जणू मी त्याची मालकीण. तिवारीजींनी खिशातून टेप काढून माझ्या हातात दिली. "बेईमानी की तुमने," ते म्हणाले. माझं डोकं तापायला लागलं तोवर पुढे म्हणाले, "इससे तेज बजा दिया." मास्टर विलास माइकजवळ गेले, लोकांचा गलका ऐकला आणि परत फिरले. "पहले खाना लगवाइए," म्हणाले. "इस शोर के बाद मैं क्या गाऊँ?" त्या दिवशी ते गायले नाहीत. तेव्हापासून सेलाचा किस्सा सांगतात. बाबांनी जळक्या पुऱ्यांतली एक उचलली, चाखली आणि म्हणाले, "वार्निशपेक्षा बरी हाये."

दादाला या सगळ्याचा राग नाही. तो म्हणतो, वाजवलं, झालं. दिगंबर रामपायलीला शेती पाहतो, लल्लनला आता ऐकू कमी येतं आणि तो किस्सा तो अजूनही पूर्ण हसत सांगतो. राहिले मी. नव्या सेलांवर भरलेली ती उकव्याची टेप मी कुणालाही ऐकवायला तयार आहे, मास्टर विलासांना तर भाडं देऊन घरी बोलावीन. तिच्यात सगळं आहे. आरोळी आहे, माणसांचा खोकला आहे, दिगंबरचा पाय आहे. शेवटच्या चालीत खूप लांबून एका बाईचं कचाकचा भांडण ऐकू येतं, शब्द कळत नाहीत, पण सौदा चालला आहे एवढं कळतं. मग तार तुटते. आणि ती बाई अर्ध्या वाक्यात गप्प होते.

एवढ्या वर्षांच्या धंद्यात मी अर्ध्यावर सोडलेला तो एकच सौदा.